पिकअपमधला ठोका आणि गुंडप्पा मिस्त्रींची काठी

गुंडप्पा मिस्त्री, उदगीर.

हे नाव आधी लिहून टाकतो. नाहीतर सांगता सांगता मी भरकटेन आणि ज्यांच्यामुळे आज हातात स्टिअरिंग आहे त्यांचंच नाव राहून जाईल. माझं तसं होतं. सहावीतून शाळा सुटली, लिहायची सवय नाही.

तुमच्या सदरात लोक लिहितात ते मी दर महिन्याला वाचतो. कुणाला पिंपळाखाली बाई दिसते, कुणाला मेलेला मामा हाक मारतो... वाचतो आणि खरं सांगू, हसतो. मी रत्नागिरीकडचा, खाडीकाठचा. आमच्याकडे भुतांना तोटा नाही, प्रत्येक वळणाला एक आणि प्रत्येकाचा नारळ ठरलेला. पण मला लहानपणापासून धाक वाटला तो जिवंत माणसांचा. कुणी रागावेल, कुणी कामावरून काढेल. भुताने कुणाला कामावरून काढल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं, म्हणून मी त्यांचा विचारच केला नाही.

तरी पुढचं घडलं ते माझ्यासमोर घडलं, आणि भर दुपारी घडलं.

गोष्टीला सात वर्षं झाली. लातूर तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. जिकडेतिकडे ओल्या रंगाच्या पाट्या, भाड्याच्या खोल्यांत कचेऱ्या, आणि बदलीवर आलेले, घर शोधत फिरणारे साहेब. आमच्या वाडीतले भाऊकाका कारकून म्हणून तसेच आले आणि येताना मला घेऊन आले. आईला म्हणाले, "इथे राहून खेकडेच धरणार ना हा? तिकडे गाडी शिकेल." मी शिकलो. काकांची वर्षभरात पुन्हा बदली झाली, ते गेले. मी राहिलो. विश्वनाथअप्पा म्हणून तूरडाळीचे व्यापारी होते, त्यांच्या पिकअपवर ड्रायव्हर म्हणून.

गाडी जुनी. माझ्याआधी तीन मालक झालेले. हिरवा रंग खरवडला की खाली निळा निघायचा, निळ्याखाली पिवळा. पण चालायची गुणाची.

त्यातच दुष्काळ पडला. बाजारात माल येईना, गाडी नुसती उभी. तेव्हा अप्पांनी पिकअपवर पाच बॅरल पाणी मावेल अशी लोखंडी टाकी बसवून घेतली आणि गाडी सरकारी पाण्याच्या कामाला लावली. माझा मुक्काम अहमदपुरात. गावाबाहेर एका बागाईतदाराची विहीर सरकारने ताब्यात घेतली होती. तिथे इंजिनावर टाकी भरायची, कंधारच्या अंगाला तेरा किलोमीटर जायचं, ठरलेल्या गावच्या विहिरीत पाणी ओतायचं. तिकडे टँकर विहिरीतच ओततात, मग बाया पोहऱ्याने शेंदून घेतात. मग ग्रामसेवकाची सही घेऊन परत. दिवसाला पाच खेपा, पाच सह्या. एक सही कमी भरली तर अप्पांना जाब, आणि अप्पांचा मला.

आता आवाज.

नवव्या किलोमीटरच्या दगडापुढे रस्त्याखाली एक नळाची मोरी आहे, पावसाचं पाणी जायला. तिथून रस्ता उताराला लागतो. डावीकडे कोरडा ओढा, उजवीकडे काळं रान, आणि दोनशे पावलांवर एकटं लिंबाचं, म्हणजे कडुनिंबाचं, झाड. या मोरीपासून त्या लिंबापर्यंत गाडी ठोके द्यायची. ठक. मला वाटायचं, झालं. मग थोडं थांबून — ठक, ठक. लिंब मागे पडला की बंद. बरं, रोज वाजेल तर शपथ. कधी दिवसातून दोनदा, कधी दोन दिवस काहीच नाही.

मी आपल्या अकलेप्रमाणे शोध घेतला. सीटखालचा जॅक गोणपाटात गुंडाळला. स्टेपनी काढून बघितली. सायलेन्सरचा पट्टा आवळला. दाराला सुतळी बांधून पाहिलं. ठोका आपला येतोच आहे.

पाण्याच्या कामावर देखरेख करणारे एक साहेब एकदा शेजारी बसून आले. लिंबाशी पोचतोय तोवर म्हणाले, "काय रे, खाली काय वाजतंय?" मला आधी बरं वाटलं, म्हणजे माझ्या डोक्यात नाही वाजत! पण साहेब पुढे म्हणाले, "भरली टाकी घेऊन ही गाडी कुठेतरी मोडून पडेल. मंगळवारी तपासणार. आवाज राहिला तर दुसरी गाडी लावू."

मी लातूरला पळालो. अप्पांनी गाडी दोन गॅरेजांत दाखवली. एकाने प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस बदलला, दुसऱ्याने स्प्रिंग-पाट्यांचे बुश. दोघांनी गाडी गावाभोवती फिरवून आणली. आवाज कुठला? दुसरा मिस्त्री हात पुसत म्हणाला, "गाडी ठणठणीत हाय अप्पा. डायवर बदला." सगळे हसले. अप्पा हसले नाहीत. ते जास्त वाईट.

"हे बघ कोकण्या," अप्पा म्हणाले, "माझा तुझ्यावर राग न्हाई. पण गाडी उभी करून डायवर पोसायचे दिवस हायेत का हे? मंगळवारी मी सोता येतो. तवर आवाज काढ. न्हाई निघाला, तर गाडी मोडीत घालतो आन् तुला गावाकडच्या यष्टीत बसवून देतो."

घरी मी दोन वर्षं पत्रात 'सर्व कुशल' लिहीत आलो होतो. आईने सगळ्या वाडीत सांगून ठेवलेलं, दत्ताराम ड्रायव्हर झाला. झालेला ड्रायव्हर पिशवी घेऊन परत येतो तेव्हा वाडी काय बोलते हे मी दुसऱ्यांच्या बाबतीत ऐकलेलं होतं.

शनिवारी सकाळी विहिरीवर टँकरांची रांग. इंजिन आचके देत होतं, पाणी सुतासारखं येत होतं. इंजिनापाशी एक पन्नाशीचा माणूस उकिडवा बसलेला. कपाळाला भस्म, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, हातात हातभर लांब शिसवी काठी. काठीचं एक टोक त्याने इंजिनाला टेकवलं, दुसरं दातात धरलं आणि डोळे मिटले. जरा वेळाने काठी बोटभर सरकवली. पुन्हा डोळे मिटले. मग उठला, एक नट सोडला, आतून काहीतरी काढून फुंकलं, परत बसवलं. इंजिन सुरळीत.

"हे काय?" मी शेजारच्या ड्रायव्हरला विचारलं.

"गुंडप्पा मिस्त्री. उदगीरचा. कापसाच्या जिनिंगच्या इंजिनापाशी जिंदगी गेली, कान गेले. ठार बहिरा. आता दातानं ऐकतो." मग त्याला काय सुचलं, मोठ्याने ओरडला, "अरे कोकण्या, तुझा आवाज ह्याला दाखव की! आमाला तर येत न्हाई, बहिऱ्याला तरी येतो का बघ!"

रांगेत हशा. मी मात्र गेलो. बुडत्याला काय.

मी बोलायला लागलो तशी मिस्त्रींनी माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. "आता बोल. मिशा न्हाईत तुला हे बरं हाय. मिशावाल्याचं मला अर्धंच कळतं." ते मोठ्याने बोलायचे, स्वतःचा आवाज स्वतःला येत नसल्यामुळे.

मी सगळं सांगितलं.

"भरल्या टाकीनं वाजतं का रिकाम्या?"

"भरल्या. येताना कधीच नाही वाजत."

"येताना टाकी रिकामी असती."

"हो."

"मग भरली टाकी घेऊन माघारी आलास कवा?"

"नाही..."

"मग तुला काय ठावं, रिकामी म्हणून वाजत न्हाई का माघारी म्हणून वाजत न्हाई?" ते हसले. "तम्मा, आवाज शोधायचा म्हंजे आवाजामागं धावायचं नस्तं. त्याच्या वाटा एकेक बंद करत जायच्या." तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. उदगीरच्या माणसाच्या बोलण्यात चार शब्दांमागे एक कानडी असायचाच.

त्या दिवशी ते माझ्याबरोबर आले. का आले, मला आजही कळत नाही. माझी ओळख नाही, पाळख नाही.

लिंबाच्या पुढे जाऊन आम्ही भरल्या टाकीनिशी गाडी वळवली आणि माघारी मोरीपर्यंत आलो. चढाला वाजलं! म्हणजे दिशेचा संबंध नाही, टाकी भरलेली पाहिजे. पुढच्या खेपेला मोरीशी इंजिन बंद करून, न्यूट्रलवर गाडी उतारावरून सोडली. तरी वाजलं. एका फटक्यात इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही संशयातून सुटले. मला तर मजाच वाटायला लागली. नोकरी जायची वेळ, आणि मी शाळेतल्या पोरासारखा पुढची खेप कधी भरते याची वाट बघतोय.

मग मिस्त्रींनी दोरी काढली. ते मागे टाकीजवळ बसणार, काठी एका भागाला टेकवून दातात धरणार. दोरीचं एक टोक त्यांच्या मनगटाला, दुसरं खिडकीतून माझ्या हातात. मला ठोका ऐकू आला की मी दोरी ओढायची. त्याच क्षणी काठीतून काही आलं तर दोष त्या भागात. नाही आलं तर त्या भागावर खडूने फुली, आणि पुढच्या खेपेला पुढचा भाग.

शनिवार, रविवार हेच. चेसिस, फुली. मागचा ॲक्सल, फुली. पाटे, फुली. टाकीचे बोल्ट, टाकीचा पत्रा, आतला आडवा पडदा, फुल्या. सहा वेळा ठोका आला, सहा वेळा मी दोरी ओढली, सहा वेळा आरशात मिस्त्रींनी हात हलवला — न्हाई. रविवारी संध्याकाळी गाडी फुल्यांनी अशी भरली होती की गावातल्या बाया विचारायला लागल्या, काय पूजा घातली का गाडीला?

"मला तर ठोका अगदी स्पष्ट येतो, मिस्त्री," मी म्हणालो. माझा धीर सुटत चालला होता. "लोखंडावर बोटाच्या पेरांनी मारल्यासारखा."

त्यांनी हातातला खडू खिशात टाकला. "तू लबाड न्हाईस. तुझी दोरी येती तवा हात थरथरतो तुझा, मला कळतंय. पण तम्मा, ही काठी मला आजवर खोटं बोलली न्हाई. गाडीत आवाज न्हाई."

"मग कुठे आहे?"

"ते मला काय ठावं? मी गाडीचा मिस्त्री हाय."

सोमवार. मंगळवारी अप्पा येणार. तीन खेपा झाल्या, एकदाही वाजलं नाही. चौथ्या खेपेला दुपारचे दोन-अडीच वाजलेले, वारा पडलेला, ऊन पांढरं. तपासायला काही उरलंच नव्हतं, म्हणून मिस्त्री पुढे माझ्या शेजारी येऊन बसले. दोरी गुंडाळून ठेवलेली. काठी मांडीवर आडवी. कागदाच्या पुडीतले फुटाणे खात होते.

मोरी गेली. ठक.

सवयीने माझा हात दोरीकडे गेला. दोरी कुठली? तेवढ्यात शेजारून आवाज आला, "थांब."

मी ब्रेक मारला. मिस्त्री समोर बघत होते. माझ्या तोंडाकडे नाही, समोर.

"वाजलं," ते म्हणाले.

मला वाटलं, माझ्या हालचालीवरून ओळखलं असेल. मी इंजिन बंद केलं. उभी गाडी, बंद इंजिन, रस्त्यावर चिटपाखरू नाही. आणि त्या शांततेत पुन्हा — ठक, ठक.

मिस्त्रींनी त्याच क्षणी मांडीवर बोट आपटलं. दोनदा. जसं वाजलं अगदी तसं, तेवढंच अंतर सोडून.

फुटाण्यांची पुडी खाली पडली होती. ते काठी दातात धरायचंही विसरले होते. "अकरा वर्षं झाली, तम्मा," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच हळू बोलले. "पोरीच्या लग्नातला बँड मी डोळ्यानं ऐकला. आन् हे... हे कानात वाजून राहिलंय."

मी एक हलकं काम केलं. त्यांच्या मागच्या बाजूला हात नेऊन कानापाशी जोरात टाळी वाजवली. ते हलले नाहीत. हॉर्न दाबला. काही नाही. तेवढ्यात ठक — आणि त्यांनी मान वळवली.

"ह्या अंगानं," म्हणाले, आणि काठीने डावीकडे दाखवलं. मला दोन धड कान, पण मला दिशा कळली नव्हती. त्यांना कळली. कोरड्या ओढ्यातून पलीकडे जाणारी एक बैलगाडीची चाकोरी होती. मी तिच्या शेजारून शंभर वेळा गेलो असेन, कधी बघितली नव्हती.

"चल."

"मिस्त्री, गावात लोक वाट बघतायत. सहीची खेप आहे."

"चल म्हणतो ना."

गाडी ओढ्यात घातली. भरली टाकी, मऊ वाळू, मी देवाचं नाव घेत होतो ते चाक रुतू नये म्हणून. दीड-दोन किलोमीटरवर माळाच्या पाठीमागे एक वस्ती निघाली. पंधरा-वीस घरं. रस्त्यावरून तिचं छप्परसुद्धा दिसत नाही. आमचा आवाज ऐकून माणसं बाहेर येऊन नुसती उभी राहिली. धावली नाहीत. त्याचंच मला नवल वाटलं. टँकर बघून न धावणारी माणसं मी त्या उन्हाळ्यात पाहिली नव्हती.

एक म्हातारी पुढे आली. पारूबाई तिचं नाव. "कुणीकडं चुकलात बाबा?"

"चुकलो नाही... पाणी हवंय का?"

"पाणी हवंय का म्हणं!" ती बाकीच्यांकडे वळली. "लेकरा, कुठल्या मुलकातला रे तू?"

मग तिने सांगितलं. वस्ती शिवेवरची. नवा जिल्हा झाला, कागद इकडचे तिकडे झाले. "हितं गेलं की म्हणतेत, तुमचं नाव तिकडल्या यादीत. तिकडं गेलं की म्हणतेत, हिकडल्या. लई चकरा झाल्या. औंदा हिकडं टाकीच न्हाई आली." चूक कुणाची मला ठाऊक नाही, आणि कुणावर ढकलायचीही नाही. घर बदलताना एखादं भांडं ना जुन्या घरात सापडतं ना नव्यात, तसं काहीतरी. माणसं तीन कोसांवरून डोक्यावर पाणी आणत होती. कोपऱ्यातल्या घरात चार दिवसांची बाळंतीण होती, तिला न्हायला पाणी नव्हतं.

मी टाकीच्या मागे जाऊन चावीला हात लावला. आणि हात चालेना. खरं तेच लिहितो. डोळ्यांसमोर ती बाळंतीण नव्हती, अप्पा होते. सही नसलेली खेप, उद्याची तपासणी, गावाकडची यष्टी. आज लाज वाटते. मिस्त्रींनी माझा हात बाजूला केला.

"मी सोडतो. कुणी इचारलं तर सांग, बहिऱ्यानं सोडलं, ओरडलो पण ऐकू गेलं न्हाई."

चावी त्यांनी फिरवली.

पारूबाई कडाडली, "हिरीत वतू नका! तळच पिऊन टाकंल सगळं. हंडे आणा गं! आधी बाळंतिणीच्या घरचे. ये रंगू, घागर सरळ धर, सांडलंस तर बघ!" घागरी, डेचक्या, दगडी डोणी, एकाने तर खत वाहायची बांबूची पाटी आणली, तिला सगळे हसले. मी उभा राहून पाहत होतो. टाकी रिकामी झाल्यावर मला राहवलं नाही. मी पारूबाईला विचारलं, "आजी, इथे कुणी काही ठोकत होतं का? पहार, हातोडा?"

"ठोकायला काय हाय हितं? हीर खंदत होतो, खडक लागला, महिना झाला पहार टाकून." मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, "तुमाला कुणी सांगितलं, आमी हितं हाव म्हणून?"

मी मिस्त्रींकडे बघितलं. ते तिच्या तोंडाकडे बघत होते, म्हणजे प्रश्न त्यांना कळला होता. त्यांनी रिकाम्या टाकीची चावी बंद केली.

मंगळवारी सकाळी अप्पा यष्टीने विहिरीवर आले. पांढरं धोतर, काखेत छत्री, चेहरा घट्ट. एक खेप गावात पोचली नाही ही तक्रार त्यांच्याआधी पोचली होती.

"काल चौथी खेप कुठं गेली?"

मी तोंड उघडलं तोच मिस्त्री पुढे झाले. "शरणार्थ, अप्पा." लिंगायतांचा हा नमस्कार.

"शरणार्थ. तू कोण?"

"गुंडप्पा. उदगीरचा. खेप मी वतली, ओढ्यापलीकडच्या वस्तीवर. पोरानं न्हाई." आणि त्यांनी वस्तीचं सगळं सांगितलं. ठोक्याचं मात्र थोडक्यात, "आवाजामागं गेलो, तिथं पोचलो," एवढंच.

अप्पांनी माझ्याकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं. "मिस्त्री, पाण्याचं नंतर बघू. मला गाडीचं सांग. साहेब घडीभरात येतील. ह्या पोरानं गाडी आपटून मोडली आन् आता गोष्टी सांगून राहिलाय, असं लातुरात लोक म्हणून राहिलेत. तू लिंगावर हात ठेवून सांग. खोट कशात हाय?"

आजूबाजूचे ड्रायव्हर जवळ सरकले. लिंगावर हात ठेवून लिंगायत माणूस खोटं बोलत नाही, हे मलाही दोन वर्षांत कळलं होतं. मिस्त्रींनी गळ्यातली चांदीची डबी मुठीत धरली. घाई केली नाही.

"गाडीत खोट न्हाई. चाकापासून टाकीपर्यंत मी सोता ऐकलीय. डायवरात बी खोट न्हाई. आन् ठोका खरा हाय, अप्पा. मी कानानं ऐकला."

"तू?" अप्पा म्हणाले. "तुला तर—"

"हाव."

अप्पांनी छत्री या काखेतून त्या काखेत घेतली. "म्हंजे माझ्या गाडीला माझ्यापेक्षा जास्त कळतंय म्हणायचं," एवढंच म्हणाले.

साहेब आले, शेजारी बसले, मोरी गेली, लिंब गेला. गाडी गप्प. परत येईपर्यंत गप्प. पास. अप्पांनी साहेबांना तिथेच सांगितलं, "आजपासून आमची एक खेप त्या वस्तीला जाईल. सही कुणाची घ्यायची ते तुमी ठरवा, मी पाणी थांबवणार न्हाई." साहेबांनी डोकं खाजवलं. पण माणूस भला, त्यांनी कागद हलवले. पंधरा दिवसांनी वस्तीचं नाव यादीत चढलं. माझी नोकरी राहिली.

आता तुम्ही म्हणाल, वस्तीला पाणी मिळालं आणि ठोका बंद झाला, झालं की सगळं स्पष्ट. मलाही काही महिने तसंच वाटत होतं. पण पाऊसकाळ बरा झाल्यावर टाकी उतरवली, गाडीत तुरीची पोती भरली, आणि लातूरच्या बाजारात भर गर्दीत एकदा वाजलं. ठक. ठक, ठक. तोच. मी तिथल्या तिथे गाडी लावली. चारी बाजूंनी फिरलो, एका बोळात शिरलो, दोन दुकानदारांना वेड्यासारखं विचारलं, तुम्हाला काही हवंय का? ते म्हणाले, तुलाच काहीतरी हवंय बहुतेक. काही सापडलं नाही. मग हा कशाचा होता? मला कळायला हवं होतं आणि कळलं नाही, असं तर नाही? ते अजून मनात आहे.

एका डॉक्टरांना मी विचारलं होतं. म्हणाले, बहिऱ्या माणसाला सीटमधून, हाडांतून हादरा कळू शकतो. बरोबर आहे. पण मग दोन दिवस दातात काठी धरून काही का कळलं नाही? आणि गाडी तर उभी होती. दुसऱ्या एकाने सांगितलं, भरल्या टाकीच्या वजनाने मोरीखालचा नळ हलत असेल. मी मोरीखाली जाऊन बघून आलो. नळ सिमेंटात पक्का, आणि टँकर तर माझ्याआधी-मागे बरेच जायचे, त्यांच्या कुणाच्या गाडीत नाही वाजलं. मी अजूनही भूत मानत नाही. वस्तीवर त्या वर्षी कुणी मेलं नव्हतं, तेही विचारून घेतलं. मग काय मानायचं ते मात्र मला कुणी सांगितलेलं नाही.

मी आता नांदेडला एका मोठ्या ट्रकवर आहे. अप्पांची पिकअप त्यांनी अजून मोडीत घातलेली नाही. गेल्या वर्षी माल घेऊन उदगीरला गेलो तेव्हा मिस्त्रींच्या घरी गेलो. डोळे जरा कमी झालेत. मला दारात बघून त्यांनी 'बस' म्हणायच्या आधी विचारलं, "वाजलं का रे पुन्हा?" मी बाजारातलं सांगितलं. त्यांनी स्वतःच्या कानाला हात लावून मान हलवली. त्यांना त्या दुपारनंतर काहीच ऐकू आलेलं नाही. ते चार-पाच ठोके, तेवढेच.

मग चहा पिताना म्हणाले, "तम्मा, समुद्र लई वाजतो म्हणं?"

मी म्हणालो, वाजतो. दिवसभर वाजतो.

"बोटीच्या लाकडाला दात लावला तर येत असंल न्हाई?"

तेव्हा मी 'येत असेल' एवढंच म्हणालो. इथे लिहून देतो, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही. मिस्त्री, पुढच्या माघात, समुद्र शांत असतो तेव्हा, मी सुट्टी काढून उदगीरला येईन आणि तुम्हाला आमच्या गावी घेऊन जाईन. माझ्या चुलत्याची होडी आहे. तिच्यात तुम्ही हवे तितके दिवस बसा. आणि तुम्ही लिंगायत, मासमच्छी वर्ज्य, तरी जेवणाची काळजी करू नका. तुम्ही असाल तितके दिवस आमच्या घरात मासळी शिजणार नाही, हे मी आईला आत्ताच पत्राने कळवून टाकलंय.